केसगळतीची पहिली रुग्ण

आमच्या गावच्या बोअरचं पाणी तीन वेळा तपासायला गेलं, अठरा दिवस बोअरला कुलूप होतं आणि आरोग्य खात्याची पांढरी गाडी शाळेच्या मैदानात दोनदा चिखलात रुतली, या सगळ्याला मी जबाबदार आहे. हे आधीच सांगून टाकते. मागच्या वेळी मी हे सगळ्यात शेवटी सांगितलं होतं, आणि त्याने काय काय झालं तेच आता लिहायचं आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. गाव उंद्रीपासून आत, सहा किलोमीटरवर. मला सगळे सुचिता मॅडम म्हणतात आणि गावात माझ्या शब्दाला मान आहे. म्हणजे होता. म्हणजे आता पुन्हा थोडा आहे. साप दूध पीत नाही, ग्रहणात भाजी चिरली तरी मूल धडधाकट होतं, हे या गावाला मी पटवलेलं आहे. शिवाय दरवर्षी सातवीच्या मुलींचा एक खास तास घेते आणि 'आपण जशा आहोत तशा छान आहोत' असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. अक्षर माझं चांगलं आहे.

माझे केस कुरळे आहेत. कुरळे म्हटल्यावर कॅलेंडरवरच्या बाईच्या कपाळावर येते तसली एखादी नाजूक बट डोळ्यांपुढे आणू नका. माझे केस वडिलांच्या वळणावर गेलेले: दाट, बारीक वळ्यांचे आणि धुतले की चारी दिशांना उठून बसणारे. शाळेत मागच्या मुलींनी फळा दिसत नाही अशी तक्रार केली, तेव्हा गुरुजींनी मला कायमचं शेवटच्या बाकावर नेलं. तिथे बसून मी वर्गात पहिली आले, पण तो विषय वेगळा. आई तेल चोपडून चोपडून दोन घट्ट वेण्या घालायची, इतक्या घट्ट की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि मी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. लग्नाच्या बोलणीत मावशी म्हणाली होती, "केस जरा तसे आहेत, पण मुलगी शिकलेली आहे." त्या 'पण'च्या जोरावर माझं लग्न झालं. आमचे प्रसेनजित पोस्टात आहेत. वीस वर्षांत त्यांनी माझ्या केसांबद्दल चांगलं किंवा वाईट चकार शब्द काढलेला नाही. ते कशाबद्दलच काढत नाहीत.

तर जुलै महिन्यात मुख्याध्यापक भगवानराव सरांनी तालुक्याच्या गुणवंत शिक्षक पुरस्कारासाठी माझं नाव सुचवलं. मला आनंद झाला. मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही, कारण गुणवंत माणसं असं करत नाहीत. अर्ज ऑनलाइन होता. तो भरायला चिखलीच्या सेवा केंद्रात गेले. तिथला ऑपरेटर हरिओम, चांगला माणूस. त्याने माझी चौदा कागदपत्रं चढवली, आणि पंधरावा फोटो पोर्टलने परत केला. कारण लिहिलं होतं, 'छायाचित्र निकषांत बसत नाही'. मला वाटलं मागचा पडदा निळा होता म्हणून. पांढऱ्या पडद्यावर काढला. परत आला. कान दिसत नाहीत म्हणून असेल, असं समजून केसांतून कान बाहेर काढून फोटो काढला. तोही परत आला. मग हरिओमने स्क्रीन माझ्याकडे वळवली. चेहऱ्याभोवती जी हिरवी चौकट यायला पाहिजे, ती माझ्या केसांना सामावून घेता घेता लाल झालेली होती.

"मॅडम," तो फार सांभाळून म्हणाला, "चेहरा घेऊन राह्यलं ते. पण केस कापून राह्यलं. जरा बसवून आणता का?"

रांगेत अकरा माणसं होती. एका बाईने पाणी लावून पाहा म्हटलं. एक काका पुढे आले आणि फोटो काढेपर्यंत मागून केस धरून ठेवायची तयारी त्यांनी दाखवली. मी सगळ्यांचे आभार मानले, कागद गोळा केले आणि बाहेर आले. सरकारने आजवर माझी बदली तीनदा केली, वेतनवाढ दोनदा अडवली, जनगणनेत उन्हातान्हात फिरवलं. पण माझ्या डोक्याबद्दल सरकार काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी एक चूक केली. समोरच्या तानुकाकूंना सांगितलं. तानुकाकू म्हणजे आमच्या गल्लीचं सूचना केंद्र. शेती सांभाळून, म्हशी सांभाळून त्या सगळ्यांच्या अडचणींचीही देखभाल करतात. संध्याकाळपर्यंत गल्लीतली प्रत्येक बाई माझ्या केसांचा इलाज घेऊन ओट्यावर आली. कोणी दह्यात मेथी वाटून सांगितली, कोणी हरभऱ्याचं पीठ. एकीने जवस उकळून त्याचा चिकट रस थापायला सांगितला आणि थापूनही गेली. ते वाळल्यावर माझं डोकं गणपतीच्या कारखान्यातल्या साच्यासारखं झालं आणि आतून केस तसेच्या तसे. आमच्या आशाताई पुष्पांजली यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. केसांच्या वळणाशी लोहाचा संबंध नाही हे त्यांना माहीत होतं, पण गोळ्या मुदत संपायच्या आत संपवायच्या होत्या.

शेवटी तानुकाकूंची मुलगी मयुरी आली. ही माझीच विद्यार्थिनी, आता बी.एस्सी. होऊन चिखलीला औषधाच्या दुकानात काम करते. तिने मोबाइल काढून चिखलीच्या सारिकाच्या पार्लरचं पान दाखवलं. तिथे केस सरळ करून मिळत. आधीचे आणि नंतरचे असे फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. आधीच्या सगळ्या बाया माझ्यासारख्या दिसत होत्या आणि नंतरच्या सगळ्या एकमेकींसारख्या.

"पण मॅडम, तुमचे चांगले दिसतात न असेच," मयुरी म्हणाली. मी तिला म्हटलं की प्रश्न दिसण्याचा नाहीच, पोर्टलचा आहे. हे माझं पहिलं खोटं. किरकोळ होतं म्हणून मोजत नाही.

सारिका तीस-बत्तिशीची, अकोल्याला कोर्स केलेली, कामात काटेकोर. तिने मला खुर्चीत बसवलं, केसांत बोटं घालून पाहिली आणि सरळ विचारलं की काळी मेंदी लावता का. लावत असाल तर मी हे करणार नाही, म्हणाली. त्या पुडीत काय काय घातलेलं असतं, त्यावर हे औषध गेलं की केस जळतात. शेजारच्या खुर्च्यांवर दोन बाया बसल्या होत्या. त्यातली एक माझ्या जुन्या विद्यार्थ्याची आई होती.

आता इथे थोडं थांबते. केस पांढरे होणं हे वयाप्रमाणे नैसर्गिक आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी सातवीला शिकवते. परीक्षेत दोन गुणांना विचारते. आणि दर दुसऱ्या रविवारी मी मोरीचं दार लावून काळ्या मेंदीची पुडी फोडते. रिकामी पुडी घरच्या कचऱ्यात टाकत नाही. पर्समधून नेऊन शाळेच्या कचराकुंडीत टाकते. सारिकाने पुन्हा विचारलं. ती आई कौतुकाने माझ्याकडे पाहत होती.

"मी काही लावत नाही," मी म्हणाले. "माझे आहेत तसेच आहेत."

चार तास लागले. डोळ्यांतून पाणी येईल असा वास होता. पण उठले तेव्हा आरशात जी बाई होती तिचे केस खांद्यावरून ओघळत होते. मान हलवली की हलत होते आणि पुन्हा जागेवर येऊन थांबत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या केसांनी माझं ऐकलं. सारिकाने दोन फोटो काढले. हरिओमच्या केंद्रात पोर्टलने फोटो एका झटक्यात घेतला, हरिओमने हात जोडून अभिनंदन केलं. बसस्टँडपर्यंत मी प्रत्येक दुकानाच्या काचेत स्वतःला पाहत गेले. मला मी सुंदर वाटले. हे लिहायला आज लाज वाटते, पण वाटले. चांगले चार दिवस वाटले.

पाचव्या दिवशी केस धुतले आणि ते हातात आले. मक्याचं कणीस सोलताना त्याचे रेशमी धागे येतात तसे, मूठभर, काही न दुखता. मुळापासून नव्हे, मुळाच्या अर्धा इंच वरून तुटून. मी मोरीतच बसले. प्रसेनजितांनी दार वाजवलं, आत आले आणि पोस्टातली कात्री घेऊन उरलेले केस जमेल तसे सारखे करून दिले. एवढंच विचारलं, की सारिकाला मेंदीचं सांगितलं होतं ना. मी हो म्हटलं. नवऱ्याशी खोटं बोलताना मला फार जड गेलं नाही, याची लाज मात्र नंतर फार वाटली.

मी डोक्याला स्कार्फ बांधला. आमच्याकडे गाडीवर जाणारी प्रत्येक बाई स्कार्फ बांधते, त्यामुळे रस्त्यावर कोणाचं लक्ष गेलं नाही. पण मी वर्गातही सोडेना, गल्लीतही सोडेना. तिसऱ्या दिवशी पुष्पांजली वजनकाटा घेऊन शाळेत आल्या. मुलांची वजनं घेता घेता त्यांची नजर माझ्या कानामागे गेली. तिथे स्कार्फ सरकला होता.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "केस गळून राह्यले का?"

मला एवढंच सांगायचं होतं की बाई, पार्लरमध्ये जाऊन जाळून घेतले. पाच शब्द. पण शेजारी भगवानराव सर उभे होते, आणि त्यांनीच माझ्या अर्जावर 'वैज्ञानिक दृष्टिकोनाचा आदर्श' असं लिहिलेलं होतं.

"हो ना," मी म्हणाले. "आपोआपच. पाण्याचं काही असेल."

दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात हे वाक्य हवेत विरून गेलं असतं. आमच्या जिल्ह्यात नाही. मध्यंतरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला काही गावांत लोकांचे केस खरोखर भसाभस गळाले होते, दूरदूरची पथकं आली होती, पाणी-धान्य-रक्त सगळं तपासलं गेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे केस आणि पाणी हे दोन शब्द कोणी एका दमात म्हणत नाही. मला हे माहीत होतं. मी त्यावर वर्गात तास घेतला होता. पुष्पांजलींचा चेहरा उतरला, आणि वजनकाटा तिथेच टाकून त्या फोन लावायला बाहेर गेल्या.

त्या संध्याकाळी तानुकाकूंना त्यांच्या फणीत सात केस सापडले. आयुष्यात त्यांनी ते कधी मोजले नव्हते. गल्लीभर फण्या बाहेर आल्या. रात्रीच्या जेवणापर्यंत चार रुग्ण झाले, सकाळी एकोणीस. त्यात दहा वर्षांपासून पूर्ण टक्कल असलेले एक दादाही होते. त्यांचं म्हणणं, की आपलं दुखणं लवकर कोणी ओळखलंच नाही.

पथक आलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागलं. रुग्ण क्रमांक एक: महिला, वय त्रेचाळीस, शिक्षिका. डॉक्टरबाई तरुण होत्या, त्यांनी माझ्या उरलेल्या केसांतले चार कापून पाकिटात घातले आणि फॉर्म भरायला घेतला. सातवा प्रश्न होता, गेल्या तीन महिन्यांत केसांवर कोणती रासायनिक प्रक्रिया केली काय. मागे सरपंच, भगवानराव सर आणि पंधरा-वीस बाया. मी नाही म्हणाले. त्यांनी 'नाही'वर खूण केली आणि मी खाली सही केली. सही माझी सुवाच्य आहे.

बोअरला कुलूप लागलं. त्यानंतर जे झालं त्याला सरकारी भाषेत कार्यवाही म्हणतात. पाण्याची पहिली बाटली वाटेत सांडली. दुसरी पोचली, पण तिच्यावर दुसऱ्याच गावाची चिठ्ठी होती, त्यामुळे त्या गावाचं पाणी उत्तम असल्याचं पत्र त्यांना गेलं आणि त्यांना ते का आलं ते कळेना. तिसरी बाटली नीट गेली, तर पाणी एका खात्याचं आणि केस दुसऱ्या खात्याचे, म्हणून दोन्ही अहवाल एकमेकांची वाट पाहत बसले. टँकर एक दिवसाआड येई, तोही गाळात फसून. बाकीचे दिवस बाया अर्ध्या कोसावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत.

आणि रोज सकाळी माझ्या दारात एक भरलेला हंडा असे. तानुकाकू ठेवत. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "तुमची तब्येत बरोबर नाही मॅडम. तुम्ही नोका जाऊ इतक्या दूर. माह्या दोन खेपा होतातच, एक तुमची." साठीच्या जवळ आलेली बाई, गुडघे दुखणारी. माझ्यासाठी पाणी आणत होती, कारण मी पाण्याला नाव ठेवलं होतं. मी त्याच पाण्याचा चहा करून पीत होते.

लोक तर माझ्याशी इतके चांगले वागू लागले की मरायचं बाकी राहिलं. मुलं फुलं आणत. मोबाइलवर बातम्या करणारा एक जण माझ्या स्कार्फचा फोटो काढून गेला. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणायला बसलो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सगळ्यांचे आवाज एकत्र निघाले आणि माझा निघालाच नाही. शेजारच्या बाईने पाठीवर हात फिरवला. बिचारीला आजारपणाने आवाज बसलाय, असं ती दुसरीला म्हणाली.

मग मयुरी आली. तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा संग्रामपूरचा, दोघांचं फोनवर बोलणंही सुरू झालं होतं आणि मुलगा तिला आवडला होता. रविवारी पाहुणे येऊन सुपारी फुटायची होती. पण मुलाचे वडील अर्जुनराव यांनी फोन करून सांगितलं, की आधी तुमच्या गावच्या पाण्याचा रिपोर्ट येऊ द्या. त्यांच्या भावकीत कोणीतरी म्हटलं होतं, उद्या सुनेचे केस गेले, नातवंडांचे गेले, तर कोणाला विचारायचं?

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "मॅडम, तुम्ही सांगा न त्याहिले," म्हणाली. "तुमच्या शब्दावर थांबले हायेत ते. विज्ञानाच्या मॅडम काय म्हणतात ते सांगा, म्हणे." मग पुढे म्हणाली, "अन् पाण्यात खरंच काही असन तर तसंही सांगा. मंग मीच नाही म्हणून टाकते त्याले. काऊन उगीच त्याच्या घरच्याहिले घोर लावायचा?"

रिपोर्ट येईल, असं काहीतरी मी पुटपुटले. ती मान हलवून गेली. चहाच्या वेळी प्रसेनजित घरी आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "पुडी दुकानातून मीच आणतो नं. तू त्या बाईले सांगितलं नव्हतं, तेही समजलं होतं."

मी विचारलं, मग बोलला का नाही. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "मले वाटलं तू सांगशीन." आणि बशी रिकामी करून, "पंधरा ऑगस्टले ग्रामसभा हाये."

मी भाषण लिहून काढलं. चार पानं. वीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेय, पण त्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर पंचायतीच्या अंगणात बसले तेव्हा ती चार पानं तीनदा मोजली. अर्जुनराव स्वतः आले होते, काळेभोर केस मागे वळवून, दोन भाऊबंद बरोबर घेऊन. नाल्या झाल्या, घरकुलं झाली, सहावा विषय केसगळती. मी उठले.

आता माझी खोड सांगते. लाज वाटली की मी शिकवायला लागते. मी केसाची रचना सांगितली, केसातलं प्रथिन सांगितलं, त्या प्रथिनातले बंध रसायनाने कसे तुटतात तेही सांगितलं. पंधरा मिनिटं झाली. लोक शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हटलं की या सगळ्यात पाण्याचा दोष नाही, दोष माझा आहे. आणि बसले.

सरपंच उठले. त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, गावच्या लेकीचं लग्न मोडू नये म्हणून मॅडम सगळा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या, असं मन कुठं पाहायला मिळत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भगवानराव सरांनी झेंडावंदनातला उरलेला नारळ आणून माझ्या हातात दिला. अर्जुनराव मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते उभे राहून अगदी आदराने म्हणाले, "मॅडमले झाकावं लागते, म्हणजे पाण्यात काही तरी हायेच. आम्ही निघतो."

बायांच्या घोळक्यात मयुरी बसली होती. तिने खाली पाहिलं. नारळ हातात घेऊन मी उभी होते, आणि मला दिसलं की मी खरं सांगितलं तरी ते लोकांनी पुन्हा माझ्या मानाच्या खात्यात टाकलं होतं. मी नारळ टेबलावर ठेवला आणि स्कार्फ सोडला.

डोक्यावर काय होतं ते सांगते. कुठे बोटाच्या पेराएवढं, कुठे नुसते खुंट, आणि मधूनमधून पांढरं. खूप पांढरं. वारा लागला तेव्हा कळलं की किती दिवस तिथे वारा लागला नव्हता.

"मी काळी मेंदी लावते," मी म्हणाले. "पार्लरमध्ये विचारलं तर नाही म्हटलं. केस सरळ करून घेतले, ते जळाले. तुम्हाला पाणी सांगितलं. डॉक्टरांच्या कागदावरही खोटी सही केली. पाणी चांगलं आहे."

मयुरीने मोबाइल काढला. सारिकाच्या पार्लरचं पान उघडलं आणि खाली खाली सरकवत गेली, आणि थांबली. तिथे मी होते, आधीची आणि नंतरची. तिने तारीख पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. वर्गात वीस वर्षं मुलं माझ्याकडे पाहत आलीत, पण तसं कोणी पाहिलं नव्हतं. ती उठली आणि तिने तो मोबाइल अर्जुनरावांच्या हातात दिला. तानुकाकू उठल्या, पदर सावरला आणि माझ्या अंगावरून, माझ्याकडे न पाहता, घरी गेल्या.

सभा कशी संपली मला आठवत नाही. मी फाटकाशी चपला शोधत होते तेव्हा अर्जुनराव एकटेच मागून आले. आता काय ऐकावं लागतं म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, भाऊबंद लांब असल्याची खात्री करून घेतली आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, मेंदी कोणत्या कंपनीची होती?" मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, घाम पुसल्यासारखा. मग म्हणाले, सोयरीक होईन, काळजी नोका करू. आणि गाडीत जाऊन बसले.

तीन दिवसांनी पाणी निर्दोष असल्याचा अहवाल आला, बोअरचं कुलूप निघालं. मी डॉक्टरबाईंना पत्र लिहून फॉर्म दुरुस्त करून घेतला. पुरस्काराचा अर्ज मागे घ्यायला गेले, तर हरिओम म्हणाला की अर्ज मागे घ्यायची सोय पोर्टलवर नाही. चार दिवस शोधूनही सापडली नाही. सुदैवाने पुरस्कार दुसऱ्याच बाईंना मिळाला. सरळ केसांच्या होत्या, पण त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

सारिकाची माफी मागितली. तिने फोटो काढून टाकला आणि मला पाणी दिलं. तानुकाकूंशी मात्र बोलायची सोय राहिली नाही. मी ओट्यावर आले की त्या म्हशीकडे जात. मी दोनदा त्यांच्या दारात गेले, दोन्ही वेळा बसा म्हणाल्या, चहा दिला आणि आत निघून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुडी मी पुन्हा आणू दिली नाही. केस हळूहळू वाढले, तेच ते, बारीक वळ्यांचे, काळ्यात पांढरे. मी स्कार्फ बांधतच होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बांधत होते.

दिवाळी झाली आणि मयुरीचा साखरपुडा ठरला. मी जाणार नव्हते. त्या दिवशी सकाळी तानुकाकू तेलाची वाटी घेऊन सरळ घरात आल्या. मला खाली बसायला सांगितलं, मागे पाटावर बसल्या आणि स्कार्फ त्यांनीच सोडला.

"अठरा दिवस पाणी वाह्यलं मी तुमच्यापायी," त्या म्हणाल्या. "आता हालू नोका."

मी हलले नाही. त्या तेल जिरवत राहिल्या. त्यांची बोटं खरबरीत, वळ्यांत अडकत होती, पण त्या ओढत नव्हत्या. एक एक वळी सोडवून पुढे जात होत्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, रडाचं ते रडा, मान सरळ ठेवा. मग त्यांनी हुकूम सांगितला. संग्रामपूरच्या बाया अजून आपसात कुजबुजतात. त्याहिले दाखवाले तुमी डोक्यावर काही न घेता पुढं बसाचं. तुमाले पाहून समजन त्याहिले की याच पाण्यावर उगवले.

अशी मी साखरपुड्यात पहिल्या रांगेत, उघड्या डोक्याने, पुरावा म्हणून बसले. बायांचे घोळके येत. तानुकाकू 'ह्या त्या मॅडम' एवढंच म्हणत. एका म्हातारीने चष्मा लावून पाहिलं. दुसरीने केस ओढून पाहिला, पक्का आहे का म्हणून. मी लाजेने लाल झाले होते, पण उठून जायचा हक्क मला नव्हता. मयुरी पाटावर बसलेली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर लगेच वळवली नाही.

शेवटी अर्जुनरावांची मोठी सून आली. नटलेली, केस पाठीवर सरळ सोडलेले, कडक इस्त्री केल्यासारखे. तिला आधीची गोष्ट नीट माहीत नसावी. ती माझ्या शेजारी टेकली आणि बराच वेळ माझं डोकं न्याहाळत राहिली. मग तिने हात लावला, पक्के आहेत का ते पाहायला नव्हे, नुसताच. बोटावर एक वळी घेतली आणि सोडली. ती पुन्हा गोल झाली.

"कुठं केले हो असे?" तिने विचारलं. "चिखलीले करून देतात का? मले पण करायचे हायेत."

तानुकाकू माझ्याकडे पाहत होत्या.

"करून नाही घेतले," मी म्हणाले. "माझेच आहेत."

तिला पटलं नसावं. तिने पुन्हा हात पुढे केला, आणि मी डोकं जरा तिच्याकडे झुकवलं.